मानपत्रातले गुडघे

“भूकंपाच्या त्या काळ्या पहाटे रजेवर आलेला एक जवान स्वतःच्या जिवाची पर्वा न करता ढिगाऱ्यांत शिरला. तीन दिवस त्याने उघड्या हातांनी दगड उपसले. त्यात त्याचे दोन्ही गुडघे कायमचे निकामी झाले; पण त्याने कधी कुणाकडे तक्रार केली नाही. विद्यार्थी मित्रांनो, तो जवान आजही याच इमारतीत राहतो. मग तुम्ही अभ्यासाला का थकता?”

लातुरात माझ्या पुतण्याचे शिकवणी वर्ग आहेत. तिथे प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक पुस्तिका मिळते. तिच्या दुसऱ्या पानावर हा मजकूर असतो. याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर राहणारा तो जवान म्हणजे मी. मी जवान नव्हतो, हवालदार होतो. पण ती चूक मी सोडून देतो. तक्रार केली नाही, हे मात्र मी सोडणार नाही. मी तक्रार केली. वर्षानुवर्षे केली, तीन-तीन प्रतींत केली, पोचपावत्या जपून केली. आणि माझी तक्रार नेमकी हीच होती की माझे गुडघे भूकंपात गेलेले नाहीत. ते सैन्याच्या नोकरीत गेले. त्यामुळे अपंगत्वाचे निवृत्तिवेतन मला मिळायला हवे होते आणि ते नाकारले गेले होते.

पुतण्याला मी हे अनेकदा समजावले आहे. तो गणित शिकवतो, तेव्हा त्याला क्रम कळायला हवा.

“मोठे बाबा,” तो म्हणतो, “कोर्टाचं कोर्टात. इथं पोरांना जरा जोर येतो ना. कुणाचं काय बिघडतंय?”

माझे बिघडते. मी जिना उतरतो तेव्हा चपलांच्या राशीशेजारी उभी असलेली मुले वाट देतात, वाकून नमस्कार करतात आणि वाकलेली असतानाच माझ्या गुडघ्यांकडे बघून घेतात. नांदेड, परभणी, हिंगोलीहून गादी-बादल्या घेऊन आलेल्या त्या मुलांना पहिल्याच आठवड्यात एक खोटी गोष्ट पाठ होते, आणि ती माझ्या नावावर असते. म्हणून हे सविस्तर लिहून ठेवतो.

पुस्तिकेत दोन गोष्टी खऱ्या आहेत. भूकंप झाला तेव्हा मी रजेवर होतो, आणि पुढचे तीन दिवस मी शेजारच्या उद्ध्वस्त गावात होतो. बाकीच्याचा आता हिशेब करू.

मी पायदळात होतो आणि माझी बहुतेक नोकरी मॉर्टर प्लाटूनमध्ये गेली. मॉर्टर म्हणजे उखळी तोफ. डोंगरात तिचे तुकडे करून माणसांच्या पाठीवर न्यावे लागतात: नळी एकाकडे, पाय दुसऱ्याकडे आणि जमिनीवर टेकणारी जड लोखंडी बैठक तिसऱ्याकडे. त्या बैठकीला आम्ही ‘प्लेट’ म्हणायचो. ताकदवान माणसाला प्लेट देत, आणि प्लेट मिळणे हा मान होता. तो मान मी कितीतरी वर्षे कुणाला घेऊ दिला नाही. हवालदार झाल्यावर ती दुसऱ्याच्या पाठीवर देता आली असती. तरी शर्यत असली, सराव असला की मी पट्टे स्वतःच्या खांद्यावर ओढायचो. चढणीला माणसाची छाती भरून येते, ते सगळ्यांना दिसते. गुडघे उतरणीला झिजतात, आणि ते कुणाला दिसत नाही.

सूज प्रथम उजव्या गुडघ्याला आली, मग डाव्याला. अशा वेळी करायची गोष्ट साधी होती. सकाळी ‘सिक रिपोर्ट’ला जायचे, म्हणजे आजाऱ्यांच्या रांगेत उभे राहायचे, डॉक्टर तपासतो, वहीत नोंद होते. पण त्या रांगेतल्या पोरांना “आलं का कामचोरांचं वऱ्हाड?” असे रोज विचारणारा हवालदार मीच होतो. मी त्या रांगेत कोणत्या तोंडाने उभा राहणार? दवाखान्यातला सहायक आमच्या बाजूचा, बीडकडचा होता. तो वहीत न लिहिता मला गोळ्या द्यायचा. ओवा टाकून कढवलेले तेल मी घरून नेत असे. गोळ्या, तेल आणि पट्टी यांवर मी चार वर्षे काढली आणि या चार वर्षांचा एकही कागद जगात नाही. हा मूर्खपणा माझा. त्यात वाटेकरी नको.

भूकंपाच्या वर्षी वैशाखात माझ्या धाकट्या भावाच्या मुलीचे लग्न होते. भाऊ गावच्या शाळेत मुख्याध्यापक. आमचे वडील नव्हते, त्यामुळे मुलीकडचा वडीलधारा मी. मुलाकडची मंडळी हदगावकडची. शेतीवाडीची, मानपान जपणारी. आमच्याकडे रीत अशी की व्याह्यांची पंगत बसली की मुलीकडच्या वडीलधाऱ्याने पंगतीतून फिरायचे, मुलाच्या बापाच्या पानाशी वाकायचे आणि आपल्या हाताने जिलेबी वाढायची. “एवढी घ्याच” म्हणायचे, त्यांनी पानावर हात आडवा धरायचा, आपण तो हात बाजूला करायचा. आग्रह झाल्याशिवाय त्या घरचा माणूस तोंडात घास घालत नाही.

त्या सकाळी मांडव घालण्यात मी भरपूर उभा राहिलो होतो आणि गुडघे भोपळ्यासारखे झाले होते. पँटीच्या आत पट्ट्या होत्या. वाकलो असतो तर उठवायला दोन माणसे लागली असती, आणि चारशे पाहुण्यांपुढे हवालदाराला दोन माणसांनी उठवणे मला मंजूर नव्हते. मी पंगतीच्या टोकाला लोखंडी खुर्ची मागवली, तीवर बसलो आणि तिथूनच आवाज दिला, “अरे, व्याह्यांना जिलेबी वाढा! आणखी वाढा!”

व्याह्यांनी हात पानावरून उचलला आणि मांडीवर ठेवला.

“हवालदारसाहेब,” ते म्हणाले, “आग्रह करून राहिले का हुकूम सोडून राहिले? आमी तुमच्या पलटणीतले हाव का?”

पंगतीत हशा पिकला, पण तो चांगला हशा नव्हता. भावाने येऊन माझ्या कानाशी लागून विनवले, “दादा, दोन मिनिटं. नुसतं वाका. माझ्या पोरीकडं बघा.” मी म्हणालो, “मला गरज वाटत नाही.” हे शब्द मी वापरले. गुडघा दुखतो असे म्हटले असते तर सगळे तिथेच मिटले असते. मला लंगडा म्हणवून घेण्यापेक्षा माजोरडा म्हणवून घेणे सोपे वाटले. व्याही जिलेबी न खाता उठले. मुलगी नांदली, सुखात नांदली. पण त्या घराचे आणि माझे बोलणे त्या दिवसापासून बंद झाले. ‘फौजीला मस्ती आली’ हे वाक्य हदगावपासून हिमायतनगरपर्यंत गेले, हे मला पुतणीकडूनच कळत राहिले.

मग गणपतीत मी किरकोळ रजेवर आलो, आणि विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे जमीन हलली. आमच्या गावात भिंती तडकल्या, माणसे वाचली. शेजारचे गाव मात्र उरले नाही. तिथे जे दिसले ते मी लिहिणार नाही. ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी मजकूर रंगवायची मला हौस नाही.

पुढच्या प्रजासत्ताकदिनी गावाने मदतकार्यातल्या लोकांचे सत्कार केले. माझाही केला. मानपत्र भावाने लिहिले होते. त्याचे मराठी चांगले. विशेषणे त्याला घरच्या गुरांसारखी हाकेला येतात. सोनेरी महिरप, वर काच, आणि मधोमध हे वाक्य: ‘ढिगारे उपसता उपसता ज्यांनी आपले दोन्ही गुडघे या मातीला अर्पण केले’. त्याने ते चढ्या आवाजात वाचले. मी गणवेशात उभा होतो, खांद्यावर शाल, हातात नारळ. लग्नापासून माझ्यावर रुसलेला भाऊ वाचता वाचता पहिल्यांदाच माझ्याकडे बघत होता. माझे लंगडणे आता लोकांना दिसू लागले होते. त्या लंगडण्याला एक मोठे कारण आयते मिळत होते. मी खाली बघत राहिलो. लोकांना तो विनय वाटला.

दोन वर्षांनी सरावात उतरणीवर माझा उजवा गुडघा अडकला आणि मी पाठीवरच्या प्लेटसकट कोसळलो. लष्करी इस्पितळ, क्ष-किरण, खालची वैद्यकीय श्रेणी आणि मग घर. निवृत्तीपूर्वी वैद्यकीय मंडळ बसले. त्यांच्या तक्त्यात एक रकाना असतो: हा आजार नोकरीमुळे झाला काय, नोकरीमुळे वाढला काय? दोन्हीपुढे ‘नाही’. सांध्यांची झीज हा वाढत्या वयाचा आणि प्रकृतीचा दोष आहे, असा शेरा. तेव्हा मी चाळिशीत होतो. आमच्या गावात सत्तरीच्या म्हाताऱ्या उकिडव्या बसून भाकरी थापत होत्या.

मी पहिले अपील केले. जिल्ह्याला माजी सैनिकांच्या कामाची कचेरी आहे, तिथला कारकून स्वतः निवृत्त नाईक होता. त्याने अर्ज उत्तम लिहून दिला: प्लेट, डोंगर, उतरण, सगळे. फक्त पुरावा नव्हता. टपालात टाकण्याआधी भावाने लखोटा मागून घेतला आणि मला न विचारता आत मानपत्राची साक्षांकित प्रत घातली. मागाहून म्हणाला, “दादा, दिल्लीच्या माणसाला कळू द्या की तुम्ही कोण आहात. नुसत्या अर्जाला कोण विचारतं?”

दिल्लीच्या माणसाला कळले. उत्तर आले त्याचा अर्थ असा: अर्जदाराने स्वतः जोडलेल्या कागदावरून त्याच्या गुडघ्यांना इजा रजेच्या काळात, नागरी मदतकार्यात झाल्याचे दिसते, तिचा लष्करी कर्तव्याशी संबंध नाही, अपील नामंजूर. खरे सांगायचे तर त्या अधिकाऱ्याची चूक मला काढता आली नाही. गुडघ्यांचा पहिला सरकारी कागद भूकंपानंतरचा, आणि गावाने काचेत घालून दिलेले कारण भूकंपाचे. मी त्याच्या जागी असतो तर हेच लिहिले असते.

भाऊ तीन दिवस शाळेत गेला नाही. मी त्याला काही बोललो नाही, हे माझ्या स्वभावात बसत नाही, पण खरे आहे.

मध्ये बरीच वर्षे गेली. लातुरात गल्लोगल्ली वर्ग निघाले, भावाने गावचे शेत विकून पुतण्याला इथे ही इमारत घेऊन दिली आणि मीही वरच्या मजल्यावर राहायला आलो. मग सैनिकांच्या खटल्यांसाठी वेगळे न्यायाधिकरण असल्याचे त्याच नाईक कारकुनाने कळवले. वकील भेटला. तरुण, पण कामापुरते बोलणारा. त्याने सगळी फाइल वाचली आणि एवढेच विचारले, “भूकंपाच्या आधी तुमचे गुडघे खराब होते, हे सांगणारा कुणी आहे का? घरचा नको. शक्यतो तुमच्या बाजूचा नसलेला.”

माझ्या बाजूचा नसलेला माणूस म्हटल्यावर मला विचार करावा लागला नाही.

हदगावला मी एसटीने गेलो. सोबत कुणाला घेतले नाही. व्याही ओसरीवर कापसाच्या गाठोड्याला टेकून बसले होते. ऐंशीच्या घरात, पण नजर तीच. मला पाहून त्यांनी सुनेला, म्हणजे माझ्या पुतणीला, हाक मारली, “अगं, तुझे मोठे बाबा आले. खुर्ची आण. ते खाली बसत नसतात.”

मी खुर्चीवर बसलो आणि कामाचे सांगितले. ते लक्ष देऊन ऐकत होते.

“म्हंजे इवाई,” ते म्हणाले, त्यांच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात, “मी कोर्टाला लिहून द्यायचं की तुमी माझा अपमान केला?”

“हो. तेवढंच लिहा. लग्नाची तिथी घाला आणि मी वाकलो नाही, खुर्चीवरून उठलो नाही, ते लिहा.”

“आन कारण काय लिवू? मस्ती?”

“गुडघा लिहा.”

“मला गुडघा दिसला न्हाई. मला मस्ती दिसली. जे दिसलं न्हाई ते मी कसं लिवू?”

यावर आमचा चांगला अर्धा तास वाद झाला. मी म्हणालो, डोळे असते तर पँटीत पट्ट्या दिसल्या असत्या. ते म्हणाले, पोरीकडच्याची पँट बघत बसायला आमी शिंपी न्हाई. पुतणी चहा ठेवून हसत आत गेली. शेवटी असे ठरले की शपथपत्रात कारण लिहायचे नाही. फक्त जे डोळ्यांनी दिसले ते लिहायचे. आणि त्यांनी आतून लग्नाचा अल्बम आणायला सांगितला. त्यात पंगतीचा फोटो होता. सगळी माणसे जमिनीवर, वाढपी वाकलेले, आणि टोकाला खुर्चीवर मी, दोन्ही पाय पुढे काठीसारखे सरळ पसरून. व्याह्यांनी तो फोटो बराच वेळ डोळ्यांजवळ धरला.

“असे पाय पसरून मस्तीतला माणूस बसत न्हाई,” ते म्हणाले. “मस्तीतला पायावर पाय टाकून बसतो.”

मी फोटो त्यांच्या हातून घेऊन पिशवीत ठेवला.

“तवाच का न्हाई सांगितलं? मी सोता उठून तुमच्या पानात वाढलं असतं.”

त्या रात्री मी तिथेच राहिलो. दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर तहसिलात आले आणि शपथपत्रावर सही करताना कारकुनाला म्हणाले, “नीट वाच बाबा, याच्यात माझाच अपमान लिवेल हाय.”

सुनावणीला मुंबईला गेलो. समोर दोन सदस्य होते, एक निवृत्त न्यायमूर्ती आणि एक निवृत्त सेनाधिकारी. माझ्या वकिलाने शपथपत्र आणि फोटो दाखवला. सरकारी वकील उठले आणि त्यांनी मानपत्र वाचून दाखवले. ‘मातीला अर्पण केले’ यावर थोडे थांबले. त्यांचा मुद्दा सरळ होता. लग्नात गुडघे थोडे दुखत असतील. निकामी झाले ते ढिगाऱ्यांवर, असे अर्जदाराच्या गावानेच लिहून दिले आहे. भाऊ माझ्या मागच्या बाकावर बसला होता. माझ्याबरोबर येऊ नकोस असे मी त्याला सांगितले होते. तो आला होता.

सेनाधिकाऱ्याने कागद बाजूला ठेवला आणि थेट माझ्याकडे बघितले. “हवलदार, ये जो इसमें लिखा है, सच है या नहीं?”

‘थोडे खरे आहे’ असे म्हणून सुटता आले असते. वकिलाने मला तसेच सुचवले होते: मदत केली, पण इजा आधीची, असे म्हणा. म्हणजे मानही राहील आणि निवृत्तिवेतनही. मी उभा राहिलो. उभे राहायला मला बाकाची कड दोन्ही हातांनी धरावी लागली. “नहीं, साहब,” मी म्हणालो, आणि पुढे त्या तीन दिवसांत मी काय केले ते सांगितले. मागे बाक करकरले. भाऊ उठून बाहेर गेला होता.

तो मला नंतर व्हरांड्यात भेटला. “दादा, शाल घेतानाच सांगायचं होतं,” एवढेच म्हणाला. मी म्हणालो, “तू विचारलं नाहीस.” ते खरे होते आणि तरी बोलायला नको होते. आम्ही परतीच्या गाडीत समोरासमोर बसलो. रात्री एका स्टेशनवर त्याने मला चहा आणून दिला.

काही महिन्यांनी निकाल आला. आजार लष्करी सेवेमुळे वाढला, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. निवृत्तिवेतन सुरू झाले. व्याह्यांना मी निकालाची प्रत पाठवली; त्यांनी उलट टपाली जिलेबीचा पुडा पाठवला, तो ओला होऊन पोचला. भावाने मानपत्र भिंतीवरून काढून कपाटात ठेवले. पुतण्याने मात्र पुस्तिकेतले पान बदलले नाही. त्याचे म्हणणे, निकालात भूकंपाबद्दल काही लिहिलेले नाही. न्यायाधिकरणाने लग्नाचा फोटो मानला, मानपत्र खोटे आहे असे कुठे म्हटले? हे मला मान्य करावे लागते. निकालात तसे वाक्य नाही.

म्हणून निकालाचा आधार मी इथे घेत नाही. व्याह्यांचाही घेत नाही, फोटोचाही नाही. त्या सेनाधिकाऱ्याला जे सांगितले तेवढेच इथे लिहितो. ज्यांना गावात विचारायचे असेल त्यांनी विचारावे, त्या तीन दिवसांतली माणसे अजून आहेत. मी त्या गावात पोचलो तेव्हा ढिगारा माझ्या छातीएवढा होता. मी चढायचा प्रयत्न केला आणि पहिल्याच दगडावर गुडघा वळला नाही. दुसरी बाजू पाहिली. तिथेही वळला नाही. मग मी तलाठ्याकडून कागद मागून घेतला आणि तिन्ही दिवस खाली, सपाट जमिनीवर उभा राहून, वर काढलेल्या माणसांची नावे लिहीत राहिलो, कारण त्या गावातली घरे मला ओळखीची होती. मी एकही दगड उचलला नाही.